मुनीमजी बालाघाटला गेले तर? गोंदियाच्या राइस मिलवाल्यांसाठी डेटाबेस, सहा पायऱ्यांत

पायरी १. आपल्याकडे डेटाबेस आहे का, ते तपासा. आहेच. वय साठ, तोंडात पान, नाव मुनीमजी. कोणाचं धान किती आलं, बारदाना कुठे अडकला, कोणाला उधार द्यायचं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. दोष एकच. भाच्याच्या लग्नाला ते बालाघाटला गेले की मिलचा हिशेबही वरातीत जातो.

पायरी २. तक्ते आखा. लाल वहीत शेतकरी, पोती, ट्रकभाडं आणि हमालांचा चहा एकाच पानावर नांदतात. त्यांना वेगळं काढा. शेतकऱ्यांचा एक तक्ता, आवकेचा दुसरा, भरडाईचा तिसरा. शेतकऱ्याचं नाव-गाव एकदाच लिहायचं, बाकी ठिकाणी फक्त त्याचा क्रमांक. ही युक्ती आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, तीही गोंदियाची वही न पाहता.

पायरी ३. माणसागणिक एकच क्रमांक द्या. वहीत ‘आमगावचे पाटील’, ‘चष्मेवाले पाटील’ आणि ‘जावईबापू’ अशी तीन खाती असतात. उचल तिघांनी घेतलेली असते, धान मात्र एकच जण आणतो. कारण ते तिघं एकच आहेत.

पायरी ४. प्रश्न विचारा. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे ६७ किलो अरवा तांदूळ जमा करावा लागतो. तुमच्या मिलचा उतारा किती? कुठल्या गावच्या धानात कनकी जास्त निघते? उत्तर वहीत आहे, पण चारशे पानांवर सांडलेलं. डेटाबेस ते क्षणात गोळा करतो. मुनीमजी म्हणतात, “पाहून सांगतो जी.”

पायरी ५. रोज प्रत काढा आणि ती मिलबाहेर ठेवा. मिलमधल्याच कपाटात ठेवलीत, तर वहीच्या वेळी उंदरांचं जे जेवण व्हायचं ते आता आगीचं किंवा पाण्याचं होईल.

पायरी ६. आता मुनीमजींना रजा द्यायचा विचार मनात आला असेल, तर तो काढून टाका. हलरमध्ये कोंडा ओतून तांदूळ निघत नाही. संगणक तीन पाटलांना आनंदाने तीन क्रमांक देईल. ते एकच आहेत, हे ठाऊक असलेला माणूस मिलमध्ये एकच. त्याला संगणकाशेजारी खुर्ची द्या, पान द्या, आणि बालाघाटच्या लग्नाआधी तक्ते भरून घ्या.