शिडी, शेंगा आणि उलटा वर्ग

"ताई, ऐकलंत का? आमच्या चिरंजीवांच्या कॉलेजात सर आता शिकवतच नाहीत म्हणे!" शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या त्याच तणतणत. "व्हिडिओ रात्री घरी बघायचा आणि वर्गात गणितं सोडवायची. मग एवढी फी भरतो ती कशाची?"

मी शेवग्याच्या शेंगा काढायला शिडी भिंतीला लावत होते. (शेवग्याला कधी लावू नये, कडकन मोडतो.) तीस वर्षं मेकॅनिक्स शिकवलेलं, गप्प कशी बसणार?

"अहो, ह्याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून असंच काहीसं करताहेत. त्यांचं व्याख्यान पोरांना भारी आवडायचं, पण न्यूटनच्या नियमांवर साधे प्रश्न टाकले तर निम्मी गार!"

तेवढ्यात चिरंजीव आले. मी शिडीकडे बोट दाखवलं. "काय रे, पायाशी घर्षण कुठल्या बाजूला?"

"भिंतीकडे. पाय बाहेर निसटायला बघतो ना."

"व्हिडिओत होतं?"

"होतं की. तरी काल वर्गात मी बाण उलटाच काढला. बाकावरच्याशी दहा मिनिटं भांडलो, तेव्हा कळलं. सरांनी काही शिकवलं नाही, नुसते फिरत होते."

वहिनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागल्या. मला मात्र हसू आवरेना. २०१९ साली हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या वर्गांवर हे तपासलं होतं. झटापट करून शिकलेल्या पोरांना वाटलं, आपण कमीच शिकलो. चाचणीत गुण मात्र त्यांनाच जास्त. छान भाषण ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, तेवढंच.

पण सगळ्या सरांची वकिली मी करणार नाही. कुणाचा तरी तासाभराचा व्हिडिओ ग्रुपवर ढकलायचा आणि वर्गात मोबाइल बघत बसायचं, हेही चालतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ, आल्याआल्या दोन प्रश्न आणि बाकाबाकावर फिरणारा मास्तर, एवढं हवंच. त्यात मास्तरची मेहनत दुप्पट होते, हे कुणी सांगत नाही. आणि व्हिडिओ न बघता आलेल्यांचं काय, ते दुखणं आहेच.

"म्हणजे भांडायला शिकवतात," वहिनी म्हणाल्या. "ते तर घरीही फुकटात झालं असतं!"

शेंगा पदरात घेऊन त्या निघाल्या. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "पण ताई, फी जास्तच आहे हो."

त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.