अति शिकला, त्याचा वर्ग रिकामा

शिक्षक व्हायला किती शिकावं लागतं? नेमकं लागतं तेवढंच. एक पायरी जास्त चढलात, तर गेलात.

पहिली ते पाचवीचंच घ्या. बारावीनंतर डी.एड. केलेला उमेदवार इथे चालतो. (आता त्याला डी.एल.एड. म्हणायचं. नाव लांबवलं की दर्जा वाढतो, अशी खात्याची श्रद्धा आहे.) पदवी घेऊन वर बी.एड. केलेला मात्र चालत नाही. 2018 मध्ये शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या एनसीटीईने सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सच्या अटीवर त्याला आत घेतलं होतं. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार लावून घेतलं. न्यायालयाचं चुकलं म्हणवत नाही. सहा वर्षांच्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेणं ही वेगळी विद्या आहे आणि बी.एड.चा अभ्यासक्रम तिच्यासाठी नाही. पण हे गावाकडच्या बापाला समजावून बघा. जमीन विकून पोराला जास्त शिकवलं, आणि जास्त शिकलं म्हणूनच पोरगं अपात्र!

मग एम.ए.? अकरावी-बारावीला शिकवायचं तर हवंच. त्याखालच्या वर्गांना त्याचा उपयोग दारावरच्या पाटीपुरता. एम.एड.ची तर गंमतच न्यारी. वर्गावरच्या शिक्षकाला ते कुठेच लागत नाही. लागतं ते बी.एड. कॉलेजात शिकवायला, म्हणजे न मिळणाऱ्या नोकरीसाठी इतरांना तयार करायला.

पदव्या झाल्या की परीक्षा. आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, 150 गुणांची. ती पास झालात की तुम्ही शिक्षक व्हायला पात्र. पण पात्र माणसाला कल असेलच असं नाही, म्हणून मग टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी: 200 प्रश्न, 120 मिनिटं. टीईटी वेगळी, टेट वेगळी. हा फरक घरच्यांना पटवून देता आला, तरी निम्मी अभियोग्यता सिद्ध झाली समजा. ही टेट 2017 ला झाली, त्यानंतर थेट 2023 ला, मग 2025 ला. मधल्या पाचेक वर्षांत उमेदवाराची शिक्षक होण्याची वयोमर्यादा सरते, पण चिकाटी वाढते. ज्यांना एवढा धीर नव्हता, त्यांनी टीईटीतच पैसे मोजून गुण वाढवून घेतले. साडेसात हजारांहून जास्त उमेदवार त्यापायी अपात्र ठरले. पैसे देणाऱ्यांचा गणिताचा पेपर तेवढा पक्का असावा.

एवढं सगळं ओलांडून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलंच, तरी प्राथमिकचा उमेदवार शिक्षक होत नाही, शिक्षणसेवक होतो. तीन वर्षं, महिना 16,000 रुपये. 2023 च्या आधी हेच मानधन 6,000 होतं, म्हणून तक्रार करायला तोंड नाही. खासगी संस्थेत मुलाखत असते. तिथे तुमच्या पदव्या अदबीने चाळल्या जातात आणि मग विषय शाळेच्या नव्या इमारतीकडे वळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्याहून वरचढ अशी एक पात्रता आहे, तिला ना टीईटी, ना पोर्टल. ती म्हणजे निवृत्ती. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना बोलावलं: महिना 20,000, वय सत्तरपर्यंत, पेन्शन वेगळी. नव्या दमाच्या शिक्षणसेवकापेक्षा 4,000 जास्त. न्यायालयालाही निवृत्तीचा मान ठाऊक आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने नोकरीतल्या गुरुजींनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली, त्यांना सूट. (बढती हवी असेल तर मात्र त्यांनीही पेपर द्यावा.)

तेव्हा एम.एड.च्या फीचे पैसे तूर्त पोस्टात टाका आणि सरळ निवृत्त व्हा. अडचण एकच. निवृत्त व्हायला आधी नोकरी लागावी लागते, आणि त्यासाठी पुढच्या टेटची वाट बघावी लागते.