बाहेर पोर्तुगाल, आत बादली

गोव्याला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या पूर्वी दोनच चौकश्या असत. मंगेशीच्या नाहीतर कवळ्याच्या अग्रशाळेत खोली मिळेल का, आणि चांगली मासळी कुठे मिळेल. खोलीकडून अपेक्षा एवढीच, की दाराला आतून कडी असावी. आता कुटुंब सुधारलं. त्याला नुसतं राहायचं नसतं, अनुभव घ्यायचा असतो. हा अनुभव पणजीत फोंतेन्हासमध्ये मिळतो आणि तिथल्या स्वस्तातल्या खोल्यांत तो जरा जास्तच मिळतो.

ज्यांनी फोंतेन्हास पाहिलेलं नाही, त्यांनीही ते पाहिलेलं असतं. भाचीच्या लग्नाआधीच्या फोटोंत जी पिवळी भिंत आणि निळी खिडकी असते, आणि जिच्यासमोर भावी जावई कधी नव्हे तो हसतो, ते फोंतेन्हास. आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या बेचक्यातली चिंचोळी वस्ती. कदंब बसस्थानकावर उतरून पाटोचा पूल ओलांडला की आलीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती. बागेचा मालक सेक्वेरा मोझांबिकमध्ये पैसा करून परतलेला, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. पुढे जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून सरकार पणजीकडे सरकलं, १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली आणि माडांच्या जागी सरकारी नोकरीतल्या माणसांची घरं दाटीवाटीनं उभी राहिली. म्हणजे मुळात ही ऑफिसला जाणाऱ्यांची वस्ती. सदाशिव पेठेतल्या वाड्यांना वेळीच पिवळा-निळा रंग फासला असता तर आज लिस्बनची जोडपी फोटो काढायला पुण्यात आली असती. पण आपण वाडे पाडून त्यांना 'श्री गजानन हाइट्स' केलं.

आम्ही नवराबायको तिथे ज्या हॉटेलात उतरलो, त्याचं नाव सांगत नाही. एकाचं सांगितलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. काउंटरवरचा मॅनेजर पेडण्याचा, मराठी आपल्याहून शुद्ध. त्यानं दोघांची आधार कार्डं घेतली, उलटसुलट केली आणि चेहरा गंभीर केला.

"वयनी, तुमचं आडनाव वेगळं कसं?"

"माहेरचं आहे. बदललं नाही."

रजिस्टरात 'नातं' असा रकाना होता. त्यावर त्याचं पेन थबकलं. जिला अख्खा देश प्रेमाची वस्ती म्हणतो, त्या वस्तीत आमच्या जुन्या-जाणत्या संसाराची चौकशी चालली होती. मागे उभं असलेलं विशीतलं जोडपं मात्र मोबाइलवर बुकिंग दाखवून भुर्रकन वर गेलं. शेवटी बायकोनं मला चारचौघांत ज्या सुरात झापलं, तो ऐकून त्याची खात्री पटली आणि त्यानं रकाना भरला. मग जाता जाता माहितीही दिली, की गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो, लग्नाची सरकारदरबारी नोंद करावीच लागते आणि वेगळा करार नसेल तर मिळकतीत नवराबायकोचा निम्मा-निम्मा वाटा.

"निम्मा?" बायकोनं विचारलं.

"तो कायदा गोंयकारांना. आपल्याला नाही," मी घाईघाईनं सांगितलं.

खोली पहिल्या मजल्यावर. शिरतानाच चौकट कपाळावर बसली. "जुनं घर ना, सर. दारं बसकी," मॅनेजर म्हणाला आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं, "जुनें न्हय, हेरिटेज!" पुढे या मंत्राचा प्रताप कळत गेला. भिंतीचा चुना बॅगेवर गळत होता: हेरिटेज. वरच्या मजल्याच्या लाकडी तक्तपोशीवर कोणीतरी रात्री दोन वाजता चपला शोधत होतं: हेरिटेज. पंखा एकाच वेगानं फिरत होता आणि तो वेग त्याचा त्यानं ठरवला होता. पंखा अगदी हल्लीचा, तरी हेरिटेज. आपल्या गावच्या लॉजवर असा पंखा निघाला असता तर आपण मालकाला खाली बोलावलं असतं. इथे आपण त्याचा फोटो काढतो.

बाहेरून हे घर नवरीसारखं सजलेलं. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवणं बंधनकारक होतं आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला, असं तिथे सांगतात. आमच्या मालकानं तो नियम निष्ठेनं पाळला होता. फक्त तो रस्त्याकडच्या भिंतीपुरता आहे असा त्याचा समज दिसला.

खरी गंमत खोलीच्या रचनेत होती. मूळचा तो मोठा दिवाणखाना असणार. छत उंच. त्याच्या प्लायवूडनं तीन खोल्या केलेल्या. आमच्या वाट्याच्या कोपऱ्यात आणखी एक प्लायवूड घालून न्हाणीघर केलेलं, पण ते प्लाय डोक्याच्या जरा वर जाऊन थांबलेलं. वरचं सगळं आकाश सामाईक. दांपत्यजीवनात काही गोष्टी एकमेकांना ऐकू न येण्यात प्रेम टिकून असतं, ही साधी बाब या सुताराला कोणी सांगितली नव्हती. न्हाणीघरात एक निळी बादली, एक हिरवा मग आणि एक शॉवर. यांपैकी पहिले दोन कामाचे. याच वस्तीच्या दक्षिण टोकाला फोंत फिनिक्स हा जुना झरा आहे, वस्तीला नावही झऱ्यांवरूनच पडलेलं. आमच्या नळाला मात्र सकाळी नऊनंतर झऱ्यांची फक्त आठवण येई.

आणि खिडकी. बुकिंगच्या वेळी मोबाइलवर पाहिलेली खिडकी हीच होती: शिंपल्यांच्या तावदानांची, उंच, बाहेर लोखंडी नक्षीचा चिमुकला सज्जा. फक्त ती अर्धी होती. दिवाणखान्याचे तीन भाग करताना खिडक्या दोनच निघाल्या असाव्यात. म्हणून प्लायवूडची भिंत थेट खिडकीच्या मधोमध येऊन टेकली होती. उजवं दार आमचं, डावं शेजारच्या खोलीतल्या बडोद्याच्या जोडप्याचं. आम्ही उजवं उघडलं की त्यांना वाऱ्याची झुळूक लागे. त्यांनी डावं उघडलं की आम्हाला त्यांच्या थेपल्यांचा वास येई. सकाळी दोन्ही दारं एकदम उघडली गेली आणि आम्ही चौघं एकाच सज्जात, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांना न बघण्याचा प्रयत्न करत उभे राहिलो. बायकोनं लगेच हिशेब केला, की अर्ध्या खिडकीतली निम्मी तिची. माझ्या वाट्याला फोंतेन्हासचं पाव रोमँटिक दृश्य आलं. भाडं मात्र पूर्ण होतं.

त्या पावातही मला सुखानं उभं राहता येईना. खाली गल्लीत सकाळी आठपासून झुंबड. फ्रॉक, हॅट, बो-टाय, ड्रोन, छत्र्या, उसनी घेतलेली व्हेस्पा. मी चहाचा कप घेऊन खिडकीत गेलो, की खालून हाक यायची, "अंकल, जरा आत व्हा ना, फ्रेममध्ये येताय!" ज्या खिडकीसाठी पैसे मोजले, त्या खिडकीतून ज्यांनी दमडी मोजली नव्हती ते मला आत पाठवत होते. दुपारी बायकोनं टॉवेल वाळत घातला तर मॅनेजर धावत आला: "वयनी, फसाड खराब होता." तेवढ्यात खाली कॅमेरा घेऊन बसलेला एक दाढीवाला ओरडला, "टॉवेल राहू दे, ऑथेंटिक वाटतो!" टॉवेल राहिला. मला आत जावं लागलं.

खिडकीखालून गाइडांच्या टोळ्याही जात. एकजण रोज सांगे, हा सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. यादीत १९८६ साली गेली ती जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ; फोंतेन्हासचं नाव तिथे नाही. दुसरा '३१ जानेवारी' रस्त्याच्या पाटीखाली उभा राहून म्हणे, या तारखेला १६४० साली पोर्तुगाल स्पेनच्या जोखडातून सुटला. तो सुटला १ डिसेंबरला. ३१ जानेवारी ही १८९१ सालच्या, पोर्तु शहरातल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या फसलेल्या उठावाची तारीख. अर्ध्या खिडकीतून मी हे सगळं खाली सांगितलं. मराठी माणसाला उंचीवर उभं केलं आणि खाली कोणी चुकीची तारीख सांगितली, तर तो गप्प राहूच शकत नाही. गाइड वर बघून गोड हसला. "अंकल, व्हेकेशनवर आहात ना? एन्जॉय!"

पहाटेचं तेवढं खरं. सहाच्या सुमाराला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, सायकलच्या मागे टोपली, वर निळं प्लास्टिक. उंडे, पोळी, कातरे पाव, कांकणं. सज्जातून कोणी आजी पिशवी खाली सोडते, पाव वर जातो, चिल्लर खाली येते. या वेळी गल्लीत एकही हॅट नसते. हे बघायला कोणी उठत नाही, कारण त्या उजेडात फोटो काळे येतात. मी खुशीत नाश्त्याला गेलो, तर भाड्यात धरलेल्या त्या मोफत नाश्त्यात काय होतं? कारखान्यातला चौकोनी स्लाइस ब्रेड, दोन्ही बाजूंनी पांढराच राहिलेला टोस्ट, आणि मिक्स्ड फ्रूट जॅमची चिमटीएवढी पुडी. पोदेर दाराशी येऊन गेलेला. मी मॅनेजरला विचारलं, पाव का नाही? तो म्हणाला, "सर, गेस्टना कॉन्टिनेन्टल हवं असतं." पोर्तुगीजांनी पाव इथे आणला, साडेचारशे वर्षं राहून ते गेले, आणि त्यांच्या नावावर धंदा करणाऱ्या हॉटेलात युरोपची ओळख म्हणून स्लाइस ब्रेड आला.

गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे. आतला क्रूसावरचा ख्रिस्त जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला. त्याचे डोळे उघडे आहेत. चौकशीला आणलेल्या माणसाला धाक बसावा म्हणून ते तसे घडवले, असं सांगतात. इन्क्विझिशन १८१२ साली बंद पडलं, मूर्ती आधी पणजीच्या राजवाड्यात आणि १९१८ मध्ये या चॅपेलात आली. माणसाला धर्माच्या नावानं काय सोसावं लागलं, याची एवढी जवळची खूण अख्ख्या वस्तीत दुसरी नाही. चॅपेलच्या पायरीवर त्या दिवशी एक मुलगी त्याच त्या उडीचा सातवा टेक देत होती. आत कोणी नव्हतं.

थट्टा जरा बाजूला ठेवतो. या गल्लीत माणसं राहतात. कित्येक दारांवर आता पाट्या आहेत: खासगी घर आहे, फोटो काढू नका, पायऱ्यांवर बसू नका. पाटीचाही फोटो निघतो. सज्जात बसून शेंगा सोलणाऱ्या बाईला रोज कोणी तरी 'जरा हसा ना' म्हणत असेल, तर तिनं खिडकी लावून घेतली यात नवल काय? ती खिडकी लावून घेते, घर मुलांच्या नावावर होतं, मुलं बाहेरगावी, आणि एक दिवस तिथे प्लायवूड येतं. अशा रीतीनं आणखी तीन स्वस्त खोल्या निघतात. जुनं घर राखायला पैसा लागतो आणि तो पर्यटकाकडूनच येणार, हे मलाही कळतं. काही घरमालकांनी ते नेटकेपणानं केलंही आहे. त्यांच्याकडे दारं बसकीच आहेत, पण न्हाणीघराच्या भिंती छतापर्यंत जातात. ते स्वस्त नाहीत, एवढंच.

निघताना बिल आलं. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. सरकारच्या लेखी आपण सगळे एकाच पंगतीतले, त्यामुळे गरिबी जरा सुसह्य वाटली. बिलात मात्र 'हेरिटेज चार्ज' अशी वेगळी ओळ होती. मी विचारलं, हे कशाचं? मॅनेजरनं आदरानं खिडकीकडे बोट दाखवलं. बायकोनं निम्मी रक्कम द्यायची तयारी दाखवली, बाकीची बडोदेकरांकडून घ्या म्हणाली. बरीच घासाघीस होऊन ओळ खोडली गेली.

तुम्ही जाणारच असाल, आणि जाणार आहातच, तर नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत किंवा कार्निव्हलला जाऊ नका. तेव्हा याच प्लायवूडचा भाव चढतो. पावसाळ्यात जा. खोली मागच्या बाजूची मागा, ती स्वस्त असते आणि तिथे कोणी तुम्हाला फ्रेममधून हाकलत नाही. आगाऊ रक्कम भरण्याआधी न्हाणीघराच्या भिंतीची उंची विचारून घ्या. सकाळी सहाला उठून पोदेराकडून पाव घ्या आणि हॉटेलचा टोस्ट नम्रपणे परत करा. आणि कुणाच्या दाराचा फोटो काढायचा असेल तर आधी दार वाजवून विचारा. नाही म्हणाले तर मोबाइल खिशात ठेवा.