घोडेस्वार आणि सिगार

माणसाच्या मनात तिघं नांदतात, असं सिग्मंड फ्रॉइड सांगून गेले. एक इदम्, ज्याला हवं ते आत्ताच्या आत्ता हवं असतं. दुसरा पराहम्, म्हणजे आत येऊन बसलेला आईबापांचा दरारा. आईबाप गावाला गेले तरी हा हलत नाही. आणि या दोघांच्या कचाट्यात सापडलेला बिचारा अहम्, ज्याला बाहेरच्या जगाचीही मर्जी राखायची असते. ही वाटणी त्यांनी १९२३ साली ‘अहम् आणि इदम्’ या छोटेखानी पुस्तकात मांडली. त्यात एक घोडेस्वार येतो. लगाम स्वाराच्या हातात, ताकद मात्र घोड्याची. पडायचं नसेल तर स्वार पुष्कळदा घोड्याला जायचंय तिकडेच त्याला नेतो, आणि जणू आपणही तिकडेच निघालो होतो असा आव आणतो.

हे लिहिताना फ्रॉइडच्या दुसऱ्या हातात सिगार असणार, याबद्दल मला शंका नाही.

चोविसाव्या वर्षी त्यांनी धूम्रपान सुरू केलं आणि पुढे दिवसाला वीस-वीस सिगार ओढू लागले. १८९० नंतरच्या वर्षांत छातीत धडधड होऊ लागली, तेव्हा बर्लिनचे डॉक्टरमित्र विल्हेल्म फ्लीस यांनी सिगार बंद करायला सांगितलं. फ्रॉइडनी बंद केली. मग सुरू केली. मग पुन्हा बंद केली, आणि याची खबर पत्रातून इमानेइतबारे बर्लिनला कळवत राहिले. पराहम् परगावी ठेवण्यात एक सोय असते: रागवायचं झालं तर त्याला टपालाची वाट बघावी लागते. बरं, रोगाचं निदान झालं नव्हतं असंही नाही. तंबाखूसारखी व्यसनं ही बालपणीच्या एका चोरट्या सुखाची बदली आहे, असं १८९७ मध्ये त्यांनीच फ्लीसना लिहून कळवलं होतं. कळलं, वळायचं राहिलं.

१९२३ च्या सुरुवातीला त्यांना तोंडात एक गाठ दिसली. स्वतः डॉक्टर असूनही त्यांनी ती दोनेक महिने कोणाला दाखवली नाही, कारण डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलणार हे त्यांना ठाऊक होतं. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुस्तकही त्याच महिन्यात बाहेर पडलं. गाठ कर्करोगाची असल्याचं डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी ओळखलं होतं, पण त्यांनी रोग्याला ते सांगितलं नाही. लपवालपवीत कोणीच मागे नव्हतं म्हणायचं.

पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, जबड्याचा भाग गेला, तोंडात कृत्रिम टाळू बसवावा लागला. सिगार चालूच. १९२९ मध्ये कोणीतरी धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठवली, तेव्हा फ्रॉइडनी उत्तर दिलं की सिगारमुळे आपली काम करण्याची शक्ती खूप वाढली आणि आत्मसंयम सोपा झाला.

आत्मसंयम! मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून मनसोक्त हसलो. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणारे आपण; साबुदाणा वड्यांची दुसरी बशी पुढे ओढताना पोटाला विश्रांती दिल्याचं समाधान आपल्या चेहऱ्यावर असतं. पण वड्यामुळे उपवास करायला बळ येतं, इथवर आपली मजल गेली नव्हती. तिथे मनोविश्लेषणाचा जनकच हवा.

थट्टा केली तरी मला हा माणूस यामुळेच जवळचा वाटतो. विवेकाचा आवाज ऐकला की माणूस सुधारतो, असा भाबडा दावा त्यांनी कधी केला नाही. उलट १९३० च्या एका ग्रंथात त्यांनी लिहिलं, की माणूस जितका सज्जन तितका त्याचा पराहम् जास्त छळवादी. म्हणजे इदम् ला नाही म्हणत राहावं, तर शाबासकीऐवजी नवा जाच. असा हिशेब ज्याच्या लक्षात आला, तो संध्याकाळी पेटवणार नाही तर काय?

त्यांनी एकदा आपल्या सतरा वर्षांच्या पुतण्यापुढेही सिगारेट धरली. पोरगं नको म्हणालं. काकांनी त्याला समजावलं, की बाबा रे, हे आयुष्यातलं फार मोठं आणि स्वस्त सुख आहे. तू आधीच नको ठरवून बसला असशील तर मला तुझी कीवच येते. एरवी असल्या वेळी पोरं चोरून ओढतात आणि काका कान पिळतात. त्या घरात पराहम् ची नेमणूक पुतण्याकडे असावी.