तट्ट्यापलीकडची बाळंतीण

— ओ आशाताई, धान वाळू घालता घालता ऐका जरा. त्या कोपऱ्यावरच्या घरची पोरगी गंगाबाई दवाखान्यातून येऊन तीन हप्ते झाले. लेकराले हात लावत नाही म्हणतात. भिंतीकडं तोंड करून पडली राह्यते.

— कोण म्हणते?

— तिची मायच सांगत होती नळावर.

— मंग तुम्ही काय बोलल्या, मामी?

— मी काय बोलू! म्हटलं, दुसरी बी पोरगीच झाली, मन लागत नसंल.

— तिच्यासमोर?

— समोर कायले? दाराशी उभी होती. ऐकू गेलं असंल तं गेलं असंल.

— जाते ते हेच करते. दूध पुरते काय, लेकरू काळं का गोरं, कान बांधले काय, शेगडी देता काय. आम्हाले बी ४२ दिवसांत सहादा जा लागते. ताप, वजन, नाळ सारं पाहतो. रात्री डोळा लागला काय, हे तिले कोणी इचारत नाही.

— आमच्या वेळी नव्हतं बाप्पा असं. लेकरू झालं का दुसऱ्या महिन्यात रोवणीले उभ्या.

— अन् तुमच्या धाकट्या जावेचं?

मामीनं तट्ट्याची सुटलेली काडी उगाच आत खोचली.

— तिले बाहेरचं लागलं होतं. पुजारी आणला, लिंबू उतरवलं.

— तिसऱ्या पोरीच्या बाळंतपणातच कसं लागलं?

— आता तुम्ही असं इचारल्यावर... चार महिने केस नव्हते विंचरले वो तिनं. सासू म्हणे, नाटकं करते.

— तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येते, ते दोन हप्त्यांत आपसूक निवते. त्याच्या पुढं गेलं का दुखणं समजा. गोव्यात म्हापशाच्या सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींवर डॉक्टर विक्रम पटेल अन् त्यांच्या सोबतच्यांनी अभ्यास केला होता. २००२ साली छापून आला. दीड-दोन महिन्यांच्या बाळंतिणींत शेकडा २३ जणींले हे दुखणं निघालं. पोटाची आबाळ, नवऱ्याचा मार, अन् आधीची पोरगी असून पुन्हा पोरगी, अशा घरी जास्त.

— म्हणजे पोरगी झाल्याचं दुःख?

— पोरगी झाल्यावर घर कसं बोलते, त्याचं.

— पण डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं अन् सासरी समजलं तं? सोडचिठ्ठीच हातात देतील.

— पहिले फोन तं करा. मनाच्या दुखण्यासाठीचा नंबर हाय, १४४१६, फुकट लागते, मराठीत बोलतात. नाहीतर गोंदियाच्या मेडिकलमध्ये न्या. अंगावर पाजता पाजता चालतील अशा गोळ्या बी असतात. पण कानात कोणी बोलते म्हणाली, का लेकराचं बरंवाईट करीन म्हणाली, तं त्याच दिवशी न्या. अमावास्या सरायची वाट पाहू नका.

— मी जाऊ काय संध्याकाळी?

— जा ना. लेकरू घेऊन अंगणात बसा दोन घंटे. तिले झोपू द्या.

— अन् बोलू काय?

— काही नका बोलू.

— नाक आजीवर गेलं, इतकं तरी?

— नाही.

— दोन घंटे गप्प! मंग सुपारी नेते वो संगं, तोंडाले काही काम तं पाहिजे.