हजेरी आईची

“काठी घ्या पुढं, वहिनी!”

असा पुकारा झाला की समजायचं, कढीपत्ता आला. 2020 च्या मार्चपासून, टाळेबंदी लागल्यापासून, सहकारनगरातल्या आमच्या दोन बंगल्यांमधली देवाणघेवाण अशीच चालली होती. कंपाउंडच्या भिंतीवरून बांबू यायचा, बांबूला पिशवी, आणि तोंडावरच्या मास्कमध्ये न मावणाऱ्या गप्पा. त्या दिवशीही तेच. दिवाळी आठवड्यावर आलेली.

“भाजणी दळून आली का?” मी शेजारच्या वहिनींना विचारलं.

“दळायला कधी जाऊ? सकाळी कॉलेज असतं ना माझं!”

“तुमचं?”

“माझंच म्हणायचं आता. आमचा धाकटा यंदा टीवाय बीकॉमला. विषय घेतलाय कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग. घरात रेंज कुठं येते, तर ओट्याजवळच्या खिडकीत. म्हणून मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवतो. हजेरी लागली की साहेब परत पांघरुणात, आणि मी पोळ्या लाटत वर्गात.”

“सर काही म्हणत नाहीत?”

“त्यांना दिसतंय कुठं काय! सगळ्यांचे कॅमेरे बंद. सर बिचारे दर पाच मिनिटांनी विचारतात, ‘ऐकू येतंय ना?’ सत्तर पोरं, पण एक हूं म्हणेल तर शपथ. मला मेलीला राहवेना. एक दिवस पिठाच्या बोटानं माईक चालू केला आणि म्हटलं, ‘येतंय हो, सांगा पुढं.’”

आमची हसून पुरेवाट. पण वहिनींची गाडी सुसाट होती.

“परवा ब्रेक-इव्हन शिकवत होते. गणित घातलं, नेमका ह्याचाच नंबर पुकारला. हा घोरतोय. मीच उत्तर दिलं. सर म्हणाले, ‘उत्तर बरोबर, पण आवाज बदललाय.’ अहो, सोपं आहे ते. चकलीचंच बघा. नवा सोऱ्या, कढई, पिशव्या सील करायचं यंत्र, मिळून बाराशे गेले. किलोला साहित्य, तेल, गॅस दोनशे ऐंशी, भाव चारशे. सुटतात एकशे वीस. म्हणजे दहा किलोंपर्यंत फुकट राबायचं, पैसा दिसणार अकराव्या किलोपासून. इतकी वर्षं ऑर्डरी घेतल्या, हे कधी मांडलंच नव्हतं!”

मग माझी पाळी. आमच्या थोरलीचं शेवटचं वर्ष. जूनमध्ये सरकार म्हणालं परीक्षा नाही, आम्ही श्रीखंड आणलं. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, परीक्षेशिवाय पदवी नाही. श्रीखंड केव्हाच संपलं होतं. ऑक्टोबरात पुणे विद्यापीठाची परीक्षा तिनं जेवणाच्या टेबलावर दिली. एका तासाचा पेपर, पर्यायांतून उत्तर निवडायचं आणि समोर कॅमेरा. हे तर शिंक आली की अंगणात पळायचे, आणि दारावरची बेल मी बंदच करून ठेवली होती.

“सुटली ती,” वहिनी म्हणाल्या. “ह्याच्या अभ्यासाचं मला फारसं वाटत नाही. एसवायची परीक्षाच झाली नाही, आधीच्या गुणांवर वर चढवला. पण यंदा पुरुषोत्तम करंडक झाला नाही ना.”

कॉलेजांच्या त्या एकांकिका स्पर्धेचं मला ठाऊक होतं. दोन वर्षं पोरगा भरत नाट्य मंदिरात विंगेत उभा राहून लेव्हल्स ओढायचा. ऑगस्टमध्ये घरी फक्त आंघोळीला यायचा. त्या वर्षी संवाद म्हणायची संधी मिळणार होती म्हणे. पुढच्या वर्षी तो कॉलेजात नसणार होता. एकांकिका मोबाईलवर वाचून बघितल्या पोरांनी. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचा आवाज अडकायचा. दोन दिवसांत सोडून दिलं.

“रविवारी गाडी धुतो,” वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. “मग स्टँडवर लावून दहा मिनिटं नुसती चालू ठेवतो. बॅटरी उतरू नये म्हणतो.”

त्या गाडीचा आवाज मी दर रविवारी ऐकायचे. मला वाटायचं, पोरगा कुठंतरी निघाला.

तेवढ्यात आतून हाक आली, “आई, सर काय म्हणाले गं शेवटी? टेस्ट कधी आहे?”

“शुक्रवारी! पहिली दोन प्रकरणं!” वहिनी ओरडल्या आणि माझ्याकडं वळल्या. “तुमच्या किती लिहू?”

मी दोन किलो सांगितल्या. शेजारधर्म म्हणून भाव थोडा कमी करून बघा म्हटलं, तर म्हणाल्या, “दहा किलो होईस्तोवर नाही हं.” चारशेनंच घेतल्या.