मुलगा निर्व्यसनी, नऊपैकी नऊ

लग्नाच्या बायोडाटात उंची, रक्तगट आणि कोरडवाहू एकरांच्या खाली एक ओळ हमखास असते : ‘मुलगा निर्व्यसनी आहे.’ आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात या ओळीवाचून बायोडाटा निघतच नाही. झेरॉक्सवाल्याकडे ती टाईप करूनच ठेवलेली असते, वरचं नाव तेवढं बदलतो. म्हणजे आमच्याकडे व्यसनी उपवर मुलगा औषधालाही सापडायचा नाही. पानठेल्यांपुढे खर्र्याच्या पन्न्यांचा जो खच पडतो, तो बहुधा वणीचे लोक रात्री येऊन टाकून जात असावेत.

परवा असाच एक निर्व्यसनी बायोडाटा हाती आला. मुलाच्या मामांना विचारलं, “पोरगा रात्री तीनपर्यंत मोबाईलवर काय करतो हो?”

“गेम खेळते.”

“पैशाचा?”

“हो, पण दारूले शिवत नाही.”

“वावर विकलं म्हणतात?”

“दोन एकर. पण सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही पोट्टा.”

मामांच्या मते व्यसन तोंडावाटे आत जावं लागतं. अंगठ्यावाटे जे बाहेर जातं त्याला छंद म्हणतात, आणि छंदासाठी बायोडाटात वेगळा रकाना आहे.

मामांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. हे उमगायला डॉक्टरलोकांनाही बराच वेळ लागला. त्यांच्या ग्रंथात जुगाराचा नाद पूर्वी चोरीच्या अनावर ओढीच्या आणि आगी लावण्याच्या विकाराच्या शेजारी बसलेला होता. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ने त्याला तिथून उठवून दारू-तंबाखूच्या पंगतीत बसवलं, कारण मेंदूत जे घडतं ते बरंचसं सारखंच. आजारांच्या जागतिक वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यातही त्याची जागा व्यसनांतच आहे. आमच्या झेरॉक्सवाल्याचा नमुना मात्र अजून बदललेला नाही.

‘डीएसएम-५’मध्ये या आजाराची नऊ लक्षणं दिली आहेत. वर्षभरात चार जुळली की आजार. आता जुळवण्यात आमचा हात कोण धरणार? छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की आम्ही मांडव घालतो, मंगळ आडवा आला तर त्याचीही शांत करून घेतो. नऊपैकी चार जुळवायला असा कितीसा वेळ? मामांना समोर बसवलं आणि मोजायला घेतलं. आधी पन्नास रुपयांत भागायचं, आता पाच हजार लावल्याशिवाय मजा येत नाही, असं आहे का? “मन मोठं आहे त्याचं.” खेळ बंद केला की चिडतो? “मानी आहे.” सोडायला गेला पण सुटला नाही? “कितीकदा सोडला बाप्पा, जिद्दी आहे.” जेवताना-झोपताना डोक्यात तेच? “एकाग्रता म्हणा.” जीव उदास झाला की खेळतो? “मन रमवते बिचारा.” हरलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो? “हार मानत नाही.” घरी खोटं बोलतो? “मायले टेन्शन नको म्हणून.” नोकरी? “वणीची सुटली, मालक बरोबर नव्हता.” आणि देणी भागवायला पैसे कुठून आणतो? “ओळखी दांडग्या आहेत त्याच्या.” नऊपैकी नऊ! इतकी तंतोतंत जुळलेली पत्रिका मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

“मग आता पुढं काय?” मी विचारलं.

“पुढं काय, लगन करून टाकू. अंगावर जबाबदारी पडली की सुधरते.”

हे आमचं रामबाण औषध. पोरगा पितो, लगन करा. काम करत नाही, लगन करा. रात्रभर रमी खेळतो, लगन करा, रात्री तरी खेळणार नाही. या औषधाची चिठ्ठी अशी लिहिली जाते : मुलगी एक, वय बावीस, शक्यतो बी. ए.; सकाळ-संध्याकाळ, स्वयंपाकासह. मंगळसूत्र सोबत येईल, लागेल तसं मोडून घ्यावं. गुण आला नाही तर मात्रा वाढवावी, म्हणजे एक लेकरू होऊ द्यावं. तरीही उतार पडला नाही तर दोष औषधाचा : “पोरगीच कडक नाही निघाली. नवऱ्याले सांभाळताच येत नाही तिले.” शिवाय हे औषध बनवणाऱ्यानेच पेशंटला पैसे मोजायचे, वर फ्रिज द्यायचा, गावजेवण घालायचं आणि दारात उभं राहून हात जोडायचे. मांडवात हाती आलेली रोकड हळद निघायच्या आत जुन्या देण्यात जाते, आणि जुनं देणं फिटलं की नवा डाव मांडायला पोरगा मोकळा. यात हसण्यासारखं काही नाही, मी उगाच विनोद करत बसलो. मामांना ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं, तिच्याच कानातले गेले होते. ज्यांचे पैसे अडकले त्या साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि त्यांना तर हे लग्न लवकर व्हायला हवं होतं, वसुलीची तीच एक आशा. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या पोरीला आणि तिच्या बापाला. खोडीचा बैल गरीब म्हणून गळ्यात मारला तर बाजारात लोक दलालाची गचांडी धरतात. इथं सोयरीक जुळवणाऱ्याला टॉवेल-टोपी देऊन पाया पडतात.

मामांपाशी आणखी एक मुद्दा शिल्लक होता. “आता तर बंदीच आली ना!” आली खरी. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे शहाणपणाचं आहे, कारण आजाऱ्याला कोठडीत टाकून कोणी बरं होत नाही. पण नुसत्या बंदीने जुगार जात असता तर मुंबई इलाख्यात १८८७ सालीच जुगारबंदीचा कायदा आला होता. तो असतानाही मुंबईत लोक न्यूयॉर्कहून टेलिप्रिंटरवर येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर आकडा लावत होते. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तर पठ्ठ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा चालू ठेवला. ओपन आणि क्लोज हे शब्द आजही टिकून आहेत. कापूस पिकवायचा आम्ही, पडत्या भावात विकायचाही आम्हीच, आणि त्या भावानं आमच्या चौकाला दिलं काय, तर मटका. वर आमच्यातलेच शहाणे मान हलवतात, “शेती तरी काय, जुगारच आहे.” अजिबात नाही. बोंडअळीने कपाशी खाल्ली तर शेतकरी ते बायकोपासून लपवत नाही.

खरा उपचार मांडवापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. मानसोपचारतज्ज्ञ पोराला आधी बोलतं करतो. ‘इतका हरलो, म्हणजे पुढचा डाव माझाच’ हा हिशेब कुठं चुकतो ते आठवड्यामागून आठवडे समजावतो. कोणत्या वेळी, कोणत्या कारणानं, कोणाचे पैसे हाती आले की हात शिवशिवतो, ते वहीत लिहायला लावतो. सोबत उदासी असली तर तिच्यावर गोळ्या देतो. दारूची ओढ कमी करायला वापरतात ते नाल्ट्रेक्सोन काही पेशंटना इथंही कामी येतं. मग तो घरच्यांकडे वळतो : पैशाचे व्यवहार काही काळ तुमच्या हाती घ्या, यूपीआय बंद करा, आणि गुपचूप देणं फेडू नका, नाही तर उधार देणारे पुन्हा दारात उभे राहतील. “मेला असता तर बरं झालं असतं” हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. या आजारात जीव द्यायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो, आणि कर्जानं घरं कशी रिकामी होतात हे यवतमाळ जिल्ह्याला नव्यानं शिकवायला नको. तसं वाटतं का, हे त्याला थेट विचारा. सुटलेलं पुन्हा लागू शकतं. लागलं तर पुन्हा न्या, मधुमेहाच्या पेशंटला नेता तसं, लाज न बाळगता.

मामा म्हणाले, “यवतमाळले नेलं तर वाटेत करंजीच्या स्टँडवर कोणी ना कोणी पाहते. मंग पोरगी कोण देईन?” सध्या कोणी देऊच नये. आणि पोरीच्या बापाला माझं सांगणं आहे की जन्मवेळ राहू द्या, मुलाच्या बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा मागा. मामा रागावतील. उतारा पाहिल्यावर रागवायची पाळी तुमची येईल.

स्टँडवर दिसायची एवढी भीती असेल तर घरातूनच फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६ : पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आमच्या गावाला पाच आकडे एका रांगेत दिसले की आधी ओपन कोणता आणि क्लोज कोणता ते पाहायची खोड आहे, म्हणून आताच बजावून ठेवतो. हा नंबर लावायचा तो फोनवर, टपरीवर नाही.